विमानाची इंजिनिअर व्हायचंय, पण वाट कोणती?

मृग तोंडावर आला की आमच्यासारख्या निवृत्त माणसालाही घरात बसवत नाही. चार एकर कोरडवाहू रान आहे, त्यात तुरीचा पट्टा असतोच. म्हणून बियाण्याची चौकशी करावी या विचाराने बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रावर गेलो होतो. बीडीएन ७११ हे तुरीचे वाण आमच्या वाचकांना नवे नाही. त्यातले 'बीडीएन' म्हणजेच बदनापूर. काम आटोपले आणि स्टँडजवळ चहाला टेकलो, तर शेजारच्या बाकावरचे एक गृहस्थ निरखून बघू लागले.

"गुरुजी, तुम्ही वर्कशॉपला शिकवायचे ना? माझा धाकटा भाऊ तुमच्याकडं होता."

होता म्हणजे असणारच. आयुष्याची तीस वर्षे आम्ही पोरांच्या हाती कानस दिली, आता सगळ्यांचे चेहरे कुठे लक्षात राहतात? चहा झाला. गृहस्थांनी पिशवीतून एक गुळगुळीत रंगीत पुस्तिका काढून पुढे ठेवली. वरती विमान, खाली यंत्रमानवाचा हात आणि मध्ये डोक्यावर पिवळे हेल्मेट घातलेली एक हसरी मुलगी.

"माझी पोरगी बारावी झाली. सीईटी पण दिली. तिला विमानाची इंजिनिअर व्हायचंय. एक माणूस घरी येऊन गेला. म्हणला, सीट राहिल्यात चारच. दहा हजार भरून जागा धरली. आता पन्नास मागतोय. चार वर्षांचा हिशेब केला तर एक एकर मोसंबी जातीय बघा."

मी विचारले, पोरगी काय म्हणते? तर म्हणाले, "चला की घरी, तिलाच इचारा."

गाव बदनापूरपासून लांब नव्हते. गेलो. मुलगी बोलायला धीट निघाली. ओसरीवर बॅटरीचा फवारणी पंप उघडून ठेवला होता. दाब धरत नव्हता म्हणून तिने स्वतःच खोलला, आतल्या झडपेत कचरा अडकलेला सापडला, तो काढला. आता पुन्हा बसवताना एक वायसर उरला होता आणि तो कुठला हे तिला आठवत नव्हते. आम्ही दोघांनी मिळून त्याची जागा शोधली. बाकीचे बोलणे त्यानंतर झाले.

ते बोलणे या सदरात मांडतो आहे, कारण हा प्रश्न एका घरचा नाही. मेकॅनिकल, एरोस्पेस आणि रोबोटिक्स या तीन नावांनी आज खेड्यापाड्यातली पोरे भारावली आहेत आणि त्या भारावण्यावर दुकाने चालतात.

आधी या तिन्ही शाखांत शिकवतात काय ते बघू.

मेकॅनिकल म्हणजे यंत्रशास्त्र. आपल्या घरचेच उदाहरण घ्या. विहिरीवरच्या डिझेल इंजिनात तेल जळते, त्या उष्णतेने दट्ट्या ढकलला जातो, त्याचे सरळ जाणे-येणे दांड्याने गोल फिरण्यात बदलते, आणि ते फिरणे पट्ट्याने पंपाला मिळते. यातल्या प्रत्येक पायरीचा एकेक विषय आहे. उष्णतेपासून काम किती मिळेल हा एक विषय. दांडा किती जाड असला म्हणजे मोडणार नाही हा दुसरा. पट्टा, गिअर, कॅम यांची चाल हा तिसरा. पाणी नळीतून कसे वाहते हा चौथा. आणि हे सगळे भाग कारखान्यात ओतायचे, कातायचे, जोडायचे कसे हा पाचवा. कागदावर नकाशा काढायचा, आता संगणकावर काढतात. गणित सोबतीला चारही वर्षे असते. ज्याला गणिताचा कंटाळा त्याने केवळ यंत्रांची आवड आहे म्हणून इकडे येऊ नये, हे आम्ही पालकांना तोंडावर सांगत आलो.

एरोस्पेस म्हणजे वेगळे जग असे पोरांना वाटते. खरे तर त्याचा पाया तोच आहे. फक्त पाण्याऐवजी हवा, आणि पंपाऐवजी पंख. पंखाचा आकार आणि त्याचा कल असा ठेवतात की वरून हवा जास्त वेगाने जाते, वरचा दाब कमी होतो, आणि पंख हवेला खाली ढकलतो म्हणून हवा त्याला वर उचलते. हा झाला हवेच्या वहनाचा विषय. मग विमानाचा सांगाडा हलका आणि तरी मजबूत कसा करायचा, इंजिन कसे, आणि वाऱ्यात डगमगले तर पुन्हा सरळ कसे करायचे. एरोनॉटिकल म्हणजे हवेत उडणारे ते, आणि एरोस्पेस म्हणजे त्यात अवकाशातली रॉकेटे व उपग्रहही आले.

रोबोटिक्स म्हटले की पोरांच्या डोळ्यांपुढे सिनेमातला चालता-बोलता पुतळा उभा राहतो. मी त्या मुलीला विचारले, डाळमिल बघितलीस का? ती म्हणाली, हो. मग म्हटले, सॉर्टेक्स बघितले असशील. डाळीचे दाणे पातळ धारेत खाली पडतात, कॅमेरा प्रत्येक दाणा बघतो, डागी दाणा दिसला की क्षणार्धात हवेची एक फुंकर येते आणि तेवढाच दाणा बाजूला उडतो. सुपात डाळ पाखडणारी आपली आई जे करते ते यंत्राने करायचे. त्यात बघणारे डोळे आले, हलणारा भाग आला, आणि बघितल्यावर काय करायचे ते ठरवणारा संगणक आला. या तिन्हींचा मेळ म्हणजे रोबोटिक्स. म्हणून या शाखेत अर्धे मेकॅनिकल, पाव इलेक्ट्रॉनिक्स आणि पाव संगणक असतो. काही ठिकाणी हीच शाखा 'मेकॅट्रॉनिक्स' किंवा 'रोबोटिक्स अँड ऑटोमेशन' या नावाने चालते.

आजी चुलीपुढे बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हंजी सूप इकायचं आन् तेच शिकायचं."

असो. आता मूळ प्रश्न. विमान बनवायचे असेल तर विमानाचीच डिग्री लागते का?

इथे मला दोन मराठी माणसांची आठवण झाली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी उभी केली. तीच पुढे सरकारची हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाली. तिथे कोल्हापूर भागातले डॉ. विष्णु माधव घाटगे आले. त्यांनी जर्मनीत ग्योटिंगेनला प्रांटल या हवाशास्त्राच्या मोठ्या प्राध्यापकाकडे डॉक्टरेट केली होती. त्यांच्या हाताखाली आखलेले एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांसाठीचे विमान १९५१ साली उडाले. आपल्या देशात आखून, आपल्या देशात बांधलेल्या पहिल्या विमानांपैकी ते एक. घाटग्यांचे शिक्षण हवाशास्त्रातले, हे खरे. पण वालचंदांच्याच वालचंदनगरचा कारखाना बघा. इंदापूर तालुक्यातल्या या गावात साखर कारखान्यांची यंत्रे बनवतात, आणि त्याच कारखान्यात इस्रोच्या रॉकेटांच्या मोटारींची बाहेरची कवचे बनतात. उसाचा रस उकळणारी भांडी करणाऱ्या हातांनी रॉकेटचे नळकांडे केले. जाड पोलाद वाकवणे, जोडणे, जोड तपासणे, हे दोन्हीकडे मेकॅनिकलचेच काम आहे.

मुलीने विचारले, "मग इस्रोत मेकॅनिकलवाले घेतात?"

घेतात. इस्रोच्या अभियंता-शास्त्रज्ञ पदाच्या भरतीत मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर या तीन शाखांच्या जागा प्रामुख्याने असतात, आणि पदवीला ६५ टक्के गुण लागतात. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना १९६४ पासून आहे. तिथे मिग झाली, सुखोई झाली, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात तिथे बांधलेल्या तेजसनेही उड्डाण केले. असल्या कारखान्यात हवाशास्त्र जाणणारे थोडे लागतात, आणि यंत्र, वीज, पत्रा, तपासणी जाणणारे पुष्कळ लागतात.

शिवाय आणखी एक वाट आहे. मेकॅनिकलची पदवी घेऊन 'गेट' ही परीक्षा द्यायची आणि एरोस्पेसचे पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे. मेकॅनिकलवाल्याला हे दार उघडे असते. उलट, एरोस्पेसची पदवी घेतलेल्याला ट्रॅक्टरच्या, पंपाच्या, मोटारीच्या कारखान्यात जायचे तर मुलाखतीत आधी समजावून सांगावे लागते की बाबांनो, मलाही गिअर कळतो. आमच्या ओळखीत अशी दोन पोरे आहेत.

म्हणून माझे मत मी तिथेच सांगून टाकले. आयआयटीत किंवा तिरुवनंतपुरमच्या अवकाश संस्थेत एरोस्पेस मिळत असेल तर डोळे झाकून घ्यावे. मुंबईच्या आयआयटीत एरोस्पेसचा विभाग आहे, कानपूर, खरगपूर, मद्रासलाही आहे. तिरुवनंतपुरमची संस्था २००७ साली अवकाश खात्यानेच काढली, तिथे चांगले गुण मिळवणाऱ्यांना जागा असतील त्याप्रमाणे इस्रोत घेतात. पण या सगळ्या ठिकाणी जेईई मेन आणि मग जेईई ॲडव्हान्स्ड या परीक्षांतून जावे लागते. मेन मराठीतूनही देता येते, ॲडव्हान्स्ड मात्र इंग्रजी आणि हिंदीतच असते. हे अकरावीलाच ठाऊक असावे लागते. आपल्या मुलीने फक्त सीईटी दिली होती. तिला कोणी सांगितलेच नव्हते. कॉलेजात विचारले तर म्हणाले, ते शहरातल्या पोरांचे काम.

ते ऐकून मला राग आला, पण तो राग आता तिच्या कामाचा नव्हता.

सीईटीवर जे मिळते त्यात बघू. आपल्या राज्याच्या सीईटीत गणित १०० गुणांचे, भौतिक आणि रसायन ५०-५० चे, चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. त्या गुणांवर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, ज्याला सगळे 'कॅप राउंड' म्हणतात, कॉलेज मिळते. पुण्याचे सीओईपी आहे, ते १८५४ सालचे. मुंबईचे व्हीजेटीआय आहे, १८८७ चे. आपल्याकडे संभाजीनगरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० साली निघाले. त्याआधी मराठवाड्यातल्या पोराला इंजिनिअर व्हायचे तर हैदराबाद नाहीतर पुणे-मुंबई गाठावी लागे. नांदेडला विष्णुपुरीचे श्री गुरु गोविंदसिंगजी महाविद्यालय १९८१ पासून आहे. या सर्व ठिकाणी मेकॅनिकल आहे. जालन्यातही नागेवाडीला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, घरून येऊन-जाऊन करता येते. बदनापूर स्टेशनावरून किंवा एस.टी.ने जालना आणि संभाजीनगर दोन्ही जवळच.

एरोस्पेस आणि रोबोटिक्सची नावे बघायला गेले तर ती आपल्या राज्यात बऱ्याच ठिकाणी खाजगी विद्यापीठांत दिसतात. तिथली पदवी खोटी असते असे मुळीच नाही. काही ठिकाणी प्रयोगशाळाही चांगल्या आहेत. पण इथे एक मोठा खड्डा आहे आणि तो पुस्तिकेत छापत नाहीत.

२०२४-२५ या वर्षापासून राज्य शासनाने मुलींसाठी एक मोठी सवलत दिली आहे. ज्या घराचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, अशा ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलामुलींना स्वतंत्र योजना आधीपासून आहेतच. पण ही माफी मिळते ती केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून शासकीय, अनुदानित किंवा विनाअनुदानित महाविद्यालयात प्रवेश घेतला तर. व्यवस्थापनाच्या कोट्यातून घेतला तर नाही. आणि खाजगी अभिमत विद्यापीठात किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठात घेतला तर मुळीच नाही.

मी पुस्तिका उलटून बघितली. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होते, ते स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठच होते.

गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजी गुरुजी, एकीकडं फी फुकट, आन् एकीकडं मोसंबी?"

तसेच आहे. राहण्या-खाण्याचा, वह्या-पुस्तकांचा, एस.टी.चा खर्च दोन्हीकडे लागणारच, तो कोणी माफ करत नाही. त्यासाठी अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार योजना आहे, इतर मागासवर्गीय व भटक्या-विमुक्तांना सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. मुलांसाठी, म्हणजे मुलग्यांसाठी, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची फी-सवलत आहे, त्यात आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घराला निम्मी शिकवणी फी मिळते. शिवाय प्रत्येक शाखेत पाच टक्के जास्तीच्या जागा शिकवणी फी माफ म्हणून असतात. त्यांना टीएफडब्ल्यूएस म्हणतात, आणि पर्याय भरताना त्यांचा संकेतांक वेगळा असतो. गुणवत्ता चांगली असेल तर हा संकेतांक भरायला विसरू नये. दरवर्षी चांगली पोरे केवळ तो वेगळा आहे हे ठाऊक नसल्यामुळे मुकतात.

ओळखायची एक सोपी खूण मी त्यांना सांगितली. तुम्हाला दाखवलेल्या शाखेला राज्याच्या प्रवेश पुस्तिकेत संकेतांक आहे का ते बघा. असेल तर प्रवेश कॅपमधूनच घ्या, मध्ये कोणाला एक रुपया देऊ नका. संकेतांक नसेल तर ती शाखा राज्याच्या प्रक्रियेबाहेरची आहे, मग शासनाची फी-सवलत मिळेल या भरवशावर राहू नका. आणि जागा 'धरायला' पैसे मागणारा माणूस दारात आला तर त्याला चहा पाजावा आणि वाटेला लावावे.

आणखी एका गोष्टीत फार गोंधळ होतो. 'एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर' नावाचा एक शिक्षणक्रम आहे, त्याला एएमई म्हणतात. नावात इंजिनिअर आहे म्हणून लोक ती डिग्री समजतात. ती डिग्री नव्हे. तो विमान दुरुस्तीचा परवाना आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, मान्यता असलेल्या संस्थेतच तो शिकावा लागतो आणि डीजीसीएच्या परीक्षा स्वतः पास कराव्या लागतात. काम मानाचे आहे, जबाबदारीचे आहे, विमान उडू द्यायचे की नाही यावर त्याची सही चालते. पण संस्थेत बसून वर्षे काढली आणि परीक्षांचे विषय राहिले, तर हाती काहीच राहत नाही. बारावीची पोरे यात फसलेली मी पाहिली आहेत. आधी संस्थेची मान्यता बघावी, मग पूर्वीच्या किती पोरांनी परवाना मिळवला ते विचारावे. उत्तर टाळले तर उठून यावे.

शेतावर फवारणीची ड्रोन आता येऊ लागली आहेत. दहावी पास आणि १८ वर्षे पूर्ण झालेल्याला ते चालवण्याचा परवाना मिळतो. केंद्र सरकारने महिला बचत गटांसाठी 'नमो ड्रोन दीदी' योजना काढली, तिला २०२३ च्या नोव्हेंबरात मंजुरी मिळाली. हा रोजगाराचा एक मार्ग आहे, पण तो डिग्रीचा पर्याय नव्हे. मुलीची काकू त्याबद्दल विचारत होती, त्यांना मी तालुका कृषी कार्यालयात जायला सांगितले.

मग मुलीने मनातला खरा प्रश्न विचारला. "सर, रोबोटिक्स नवं आहे. मेकॅनिकल जुनं झालं म्हणतात. मैत्रिणी सगळ्या कॉम्प्युटरला चालल्यात."

मी तिला किर्लोस्करांची गोष्ट सांगितली. लक्ष्मणराव किर्लोस्कर व्हीजेटीआयमध्ये नकाशाकाम शिकवत. ती नोकरी सोडून बेळगावला सायकलचे दुकान काढले, मग कडबा कापायचे यंत्र केले, मग लोखंडी नांगर. शेतकरी नांगर घेईनात. लोखंडाने जमिनीला विष बाधते अशी समजूत होती. नांगर पडून राहिले. पुढे औंधच्या राजेसाहेबांनी जागा दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. त्यांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या नामांकित संस्थेत मेकॅनिकल शिकून १९२६ साली पदवीधर झाले. पुढे त्याच घरातून डिझेल इंजिने आणि पंप आपल्या विहिरींवर आले. मेकॅनिकल तेव्हाही जुनेच होते. त्याने केलेली वस्तू दर पिढीला बदलत गेली.

आज वाळूजला, शेंद्र्याला, बिडकीनला जे कारखाने आहेत तिथे जोडकाम करणारे यंत्रमानवाचे हात रात्रंदिवस हलतात. त्यांना शिकवायला, जुळवायला, बंद पडले तर सुरू करायला माणूस लागतो. त्याला मोटार, गिअर, हवेचा दाब हे कळले पाहिजे आणि थोडा प्रोग्रामही लिहिता आला पाहिजे. म्हणून मी तिला म्हटले, मेकॅनिकल घे, पण मिळेल तिथून प्रोग्रामिंग शिक. तिसऱ्या-चौथ्या वर्षी ऐच्छिक विषय निवडता येतात, त्यात रोबोटिक्स घे. कॉलेजात विमानाच्या प्रतिकृती बनवणारा किंवा शर्यतीची गाडी बांधणारा मुलांचा गट असेल तर पहिल्याच वर्षी त्यात घुस. तिथे हात काळे होतील आणि शिकायलाही मिळेल. आणि एखाद्या चांगल्या शासकीय किंवा जुन्या कॉलेजात रोबोटिक्सच मिळाले तर तेही सोडू नकोस. पण आधी एक दिवस जाऊन तिथली प्रयोगशाळा उघडायला सांग. यंत्रांवर धूळ असेल, किंवा किल्ली असलेले साहेब रजेवर असतील, तर समजून घे.

पर्याय भरताना कॉलेजांचा क्रम मनापासून लावावा, हेही सांगितले. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचे कॉलेज मिळाले तर ते घ्यावे लागते, मागून 'चुकून लिहिले' म्हणता येत नाही. नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून माहिती पुस्तिका घरातल्या शिकलेल्या एकाने तरी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावी. सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर पर्याय भरू नयेत. तो बिचारा तीस पोरांचे फॉर्म एका संध्याकाळी भरतो.

बोलणे होईपर्यंत उन्हे उतरली. आजींनी इतका वेळ दाबून ठेवलेली शंका काढली. "पोरीच्या जातीला लोखंडाचं काम झेपंल का? उद्या लगीन झाल्यावर कोन करू दील?"

मी म्हटले, आजी, तुम्ही कापूस वेचायला वाकता ते काम या कामाहून जड आहे. कारखान्यात वजन क्रेन उचलते. आणि लग्नाचे म्हणाल तर पगार घेऊन येणाऱ्या सुनेला घर आडवे येत नाही. आजी हसल्या, पण पटले असे काही म्हणाल्या नाहीत. मुलीची आई मात्र इतका वेळ दारात उभी होती, ती आत गेली आणि एक जुनी पत्र्याची पेटी घेऊन आली. तीत मुलीचे सगळे दाखले होते, घडी न मोडता ठेवलेले.

दाखले आम्ही तिथेच चटईवर मांडून तपासले. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका होत्या, शाळा सोडल्याचा दाखला होता, अधिवास प्रमाणपत्र होते. जातीचा दाखला होता, पण जात पडताळणीचे प्रमाणपत्र नव्हते, अर्ज केल्याची पावती होती. उत्पन्नाचा दाखला मागल्या वर्षीचा होता. नॉन-क्रिमिलेयर काढलेच नव्हते. गृहस्थांना म्हटले, उद्या सकाळी तहसीलला जा, उत्पन्न आणि नॉन-क्रिमिलेयर दोन्ही आधी करा. पडताळणीच्या कार्यालयात पावती दाखवून पाठपुरावा करा. विमान राहू द्या, फी-माफी या तीन कागदांवर अडेल. बँकेचे खाते मुलीच्या नावाचे आणि आधारला जोडलेले हवे, म्हणजे शिष्यवृत्ती थेट तिच्याकडे येते.

दहा हजारांचे काय, असे त्यांनी निघताना विचारले. पावती आहे का म्हटले, तर कच्च्या कागदावर होती, शिक्का नव्हता. त्या माणसाला फोन लावला, त्याने उचलला नाही. दुसऱ्या दिवशी उचलला आणि म्हणाला, बुकिंग परत होत नाही. पैसे अजून आलेले नाहीत. मोसंबीची बाग मात्र जागेवर आहे.

मुलीचा परवा निरोप आला. सीईटीचे गुण बरे आहेत. संभाजीनगरचे शासकीय महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहिणार, नांदेड दुसऱ्या, आणि जालना घरचे म्हणून शेवटी. विमानाचे काय, असे मी विचारले. म्हणाली, गेट कधी देता येते ते बघून ठेवले आहे.

ज्यांची मुले दहावीला आहेत त्यांच्यासाठी पुढच्या खेपेला तंत्रनिकेतनाविषयी लिहीन. तीन वर्षांची पदविका करून थेट डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते, आणि जालन्याला शासकीय तंत्रनिकेतन आहे. पत्र पाठवताना मुलाची किंवा मुलीची इयत्ता, गुण, घरचे उत्पन्न आणि कोणकोणते दाखले काढलेले आहेत एवढे जरूर लिहावे. नुसते 'इंजिनिअर करायचे आहे, काय करावे' असे लिहिले तर आम्हाला काहीच सांगता येत नाही.